ओल्वेनच्या घरातला पुरुष

या, अशा जवळ या. मागे बसलात त्यांनीही थोडं पुढे सरका, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. एका म्हाताऱ्या विधवेच्या घरात पुरुष सापडला, त्याची ही गोष्ट. त्याचा आवाज सापडला, त्याचे दात सापडले, त्याच्या सर्दीची सरकारी कागदावर नोंदसुद्धा झाली. तो स्वतः तेवढा कुणाला सापडला नाही. ऐका तर.

वेल्समध्ये कुम-हेलिगच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत ओल्वेन प्रॉसर राहायची. वय चौऱ्याहत्तर. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. कान मात्र असे, की पलीकडच्या गल्लीत कुणाची किटली बेसूर शिट्टी घालू लागली तरी हिच्या कपाळावर आठी उमटायची. नवरा गेथिन जाऊन नऊ वर्षं झाली होती. घर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं. पेन्शन चिमूटभर. म्हणून भाड्याचा बहुतेक भार कौन्सिलच्याच घरभाडे-मदतीतून निघायचा, आणि ती मदत तिला मिळायची ती एकटी म्हणून. सारं घर त्या ‘एकटी’ शब्दावर उभं होतं म्हणा ना.

आता ही एकटी बाई किती एकटी होती ते बघा.

गावातलं प्रार्थनामंदिर दोन वर्षांपूर्वी बंद पडलं. तिथे पूर्वी तिचे वडील प्रवचन करायचे. ते रंगात आले, की बोलता बोलता बोलण्याचंच गाणं कधी व्हायचं ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही, आणि बाकांवर बसलेले दणकट खाणकामगार गुपचूप डोळे पुसायचे. त्या जागी आता गालिचे विकतात. देवाची काळजी नाही, तो आपली सोय आपण बघतो. उघड्यावर पडला तो गावातला पुरुषांचा गायनवृंद. एके काळी ऐंशी गळे होते, आता तेरा उरले होते, आणि त्या तेरांना शिकवायची ओल्वेन. तिने मंदिरातला पियानो सरळ आपल्या पुढच्या खोलीत आणवला. पियानो आत आला तेव्हा खोलीत चार माणसं कशीबशी उभी राहतील एवढीच जागा उरली.

मग तिने वार लावून दिले. सोमवारी उंच गळ्याचे तिघं. मंगळवारी त्यांच्या खालचे तिघं. बुधवारी मधले तिघं. गुरुवारी खर्जाचे चौघं. संध्याकाळी सात ते आठ. रविवारी दुपारी सगळ्यांची मोट खाणकामगारांच्या क्लबात बांधायची.

शिकवण एकच होती. “तीन गळे ऐकू आले तर मला तीन माणसं ऐकू आली. माणसं मी बाजारातही बघते. मला सूर द्या.” आणि मग, “परत!” एकेका ओळीवर वीस वीस वेळा “परत!” चालायचं. तिघांचा श्वास एकाच क्षणी आत जाईपर्यंत आणि तिघांचा सूर एकाच क्षणी सुटेपर्यंत ती कुणाला चहा द्यायची नाही. तहान मोठी गुरू असते. वर्षभरात असं झालं, की डोळे मिटून ऐकलं तर खोलीत एकच पुरुष गातोय असं वाटावं.

दुसरी गोष्ट दाराची. कुम-हेलिगमध्ये पुढच्या दाराने धर्मोपदेशक येतो, डॉक्टर येतो आणि शवपेटी बाहेर जाते. बाकी सारं जग मागच्या बोळातून येतं, स्वयंपाकघराचं दार ढकलतं आणि आत आल्यावर विचारतं, “आहेस का घरात?” ओल्वेनच्या घरचं पुढचं दार गेथिन गेला त्या दिवशी उघडलं होतं, त्यानंतर नाही.

नोव्हेंबरात कुणीतरी कौन्सिलला फोन केला, की प्रॉसरबाईंच्या घरात रोज संध्याकाळी पुरुषाचा आवाज येतो. कुणी केला ते कळलं नाही. ओल्वेनला दोघींचा संशय होता, आणि ती त्या दोघींसाठी रविवारी क्लबात नावं घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, प्रार्थना करायची.

कौन्सिलने चौकशीला रसेल विकरी या अधिकाऱ्याला पाठवलं. चाळिशीचा, सज्जन, कामाला चोख, पण सपाट मुलखातून आलेला. जगात दार म्हणजे पुढचं दार असतं, अशी त्याची समजूत. ओल्वेनच्या पुढच्या दारासमोर गाडी लावून, काचा खाली करून, तो चार संध्याकाळी थंडीत बसला आणि त्याने प्रामाणिकपणे लिहिलं:

‘सोमवार. आत एक पुरुष गात आहे. आवाज बारीक. मंगळवार. तोच पुरुष. आवाज थोडा बसला आहे. बुधवार. आणखी बसला आहे. गुरुवार. फारच घोगरा. संशयिताला सर्दी झाली असावी. चारही दिवस दारातून कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. अर्थात तो आतच राहतो.’

शुक्रवारी सकाळी त्याने दार ठोठावलं. पुढचं.

ओल्वेनचा जीव घाबरा झाला. आपण डॉक्टरही बोलावलेला नाही, म्हणजे मेलं कोण? दार नऊ वर्षांच्या पावसाने फुगलेलं. तिने पियानोचं बाकडं ओढलं, गालिचा गुंडाळला, पाय भिंतीला लावून दार खेचलं. विकरी बाहेर घड्याळ बघत उभा. ‘सात मिनिटं लागली. आत सामान सरकवल्याचे आवाज.’

“मी कौन्सिलकडून आलोय, मिसेस प्रॉसर.”

“देवा, पावलास!” ओल्वेन म्हणाली. भिंतीला ओल आल्याची तक्रार तिने तीन वर्षांपूर्वी केली होती. “ये बाळा, ये. कोपऱ्यात बघ, पियानोच्या मागे.”

विकरीने पियानोच्या मागे पाहिलं. पुरुष नव्हता. पियानोवर मात्र काचेच्या पेल्यात खालच्या दातांची कवळी तरंगत होती. उंच गळ्याच्या हँडल रीसची ती कवळी. वरचा सूर लावताना ती त्याला आड यायची, म्हणून तो काढून ठेवायचा, आणि त्या सोमवारी विसरून गेला होता. त्याला घाई नव्हती. त्याच्याकडे दोन होत्या, एक जेवायची आणि एक चारचौघांत मिरवायची.

विकरी खाकरला. “हे… कुणाचे?”

“ते सोमवारचे.”

“आणि मंगळवारचे?”

“मंगळवारचे पक्के आहेत रे अजून,” ओल्वेन म्हणाली, आणि ओल दाखवायला खाली वाकली.

दहा दिवसांनी पत्र आलं. ‘आपण एका पुरुषासोबत जोडीदार म्हणून राहत असून ही बाब आपण कळवली नाही. आपली घरभाडे-मदत बंद करण्यात येत आहे. निर्णय मान्य नसल्यास एक महिन्याच्या आत लेखी कळवावे.’

ओल्वेन इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. हसता हसताच तिने उत्तर लिहिलं, आणि तिथे घात झाला. तिने लिहिलं, ‘आपण माझ्या घरात पुरुष शोधून काढल्याबद्दल मनापासून आभार. मला नऊ वर्षांत जमलं नाही. तो पुन्हा दिसल्यास माझ्याकडे पाठवावा, छपराची पन्हळ तुंबली आहे. भाड्यातला त्याचा वाटाही त्याच्याकडूनच घ्यावा, मी मध्ये पडणार नाही.’

कौन्सिलला थट्टा खपवून घेण्याचा अधिकार नसतो. उत्तर आलं: ‘फेरविचार केला. सदर पुरुषाचे अस्तित्व व भाड्यातील त्याचा वाटा आपण स्वतःच मान्य केला आहे. निर्णय कायम.’ पाठोपाठ भाडेविभागाचं वेगळं पत्र, भाडं थकल्याचं, आणि पुढे घर रिकामं करावं लागू शकतं असं.

त्या दिवशी ओल्वेन हसली नाही.

इंग्लंडातल्या स्विंडन शहरातून मुलीचा फोन आला. “आई, पुरे झालं आता. इकडे ये. छोटी खोली रिकामीच आहे.”

“पियानो राहील का गं त्यात?”

“चौथ्या मजल्यावर पियानो? इथे रेडिओ मोठा केला तर खालचे छताला झाडू मारतात.”

ओल्वेनने फोन ठेवला आणि पियानोचं झाकण लावून त्यावर हात ठेवून बसली. घर गेलं तर पियानो गेला, पियानो गेला तर तेरा गळे गेले, आणि खोऱ्यातलं शेवटचं गाणं एका भाडेपत्राखाली दबून मेलं. “देवा,” ती म्हणाली, “माझी जीभ मला नडली. पण तू तरी हसलास की नाही, खरं सांग.”

गुरुवारी खर्जाचे चौघं आले तेव्हा झाकण बंदच होतं. इद्रिस बेव्हनने पत्रं वाचली. हा वृंदाचा अध्यक्ष, शाळेपासूनचा तिचा सोबती. आवाज असा की दरवाजा थरथरावा, आणि स्वभाव असा की मांजरही दबून राहू नये.

“अगं, हे काय लिहून बसलीस? पन्हळ काय, वाटा काय!”

“मला वाटलं ते हसतील.”

“ओल्वेन, ते ऑफिस आहे. तिथे हसायचं तर तीन प्रतींत अर्ज करावा लागतो. आण कागद. या वेळी फक्त खरं लिहायचं. एकही विनोद नाही.”

“एकही?”

“एकही. शपथ घे.”

तिने शपथ घेतली आणि अपील लिहिलं. तेरा नावं, चार वार, एक पियानो, मागचं दार. दोनदा तिची लेखणी वळवळली, दोन्ही वेळा इद्रिसने तिचं मनगट धरलं, आणि धरलेलं मनगट सोडायला त्याने अंमळ उशीरच केला. अपील कौन्सिलच्या हाताबाहेर, स्वतंत्र लवादाकडे गेलं. फेब्रुवारीची तारीख लागली.

लवाद बसायचा खालच्या शहरात, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. लांब टेबल, पाण्याचा तांब्या, आणि टेबलामागे न्यायाधीश मिसेस फॅरो. बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. कौन्सिलकडून एकटा विकरी आला होता, मांडीवर फाइल घेऊन. ओल्वेन काळा कोट घालून आत आली आणि तिच्या मागून तेरा म्हातारे, सगळे भांग पाडलेले, सगळे गायनाच्या निळ्या कोटात. खुर्च्या पुरल्या नाहीत. हँडल रीसच्या तोंडात मिरवायची कवळी होती.

“हे सगळे कोण?” फॅरोबाईंनी विचारलं.

“बाई,” ओल्वेन म्हणाली, “हा तो एक पुरुष.”

इद्रिसने मागून तिला कोपर मारलं.

फॅरोबाईंनी फाइल उलगडली. आधी दारावरून विचारलं. ओल्वेनने सांगितलं, तेरांनी माना डोलावल्या. विकरीला विचारलं, “तुम्ही मागचा बोळ पाहिलात?” विकरी म्हणाला, “घराला मागून बोळ आहे हे मला आजच कळतंय, मॅडम.” मग दातांवरून विचारलं. हँडल उठला, कवळी काढून हातावर घेतली, बोबड्या आवाजात “ही माझी” म्हणाला, परत बसवली आणि स्वच्छ आवाजात पुन्हा “ही माझी” म्हणाला. फॅरोबाईंनी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिल्या.

“पण मुख्य पुरावा आवाजाचा आहे,” त्या म्हणाल्या. “मिस्टर विकरी, तुम्ही चार दिवस ऐकलं. किती माणसं गात होती?”

“एक, मॅडम. मी शपथेवर सांगतो. दोन माणसं एकाच वेळी तोंड उघडतात तेव्हा कळतंच. मी एकच ऐकला.”

“आणि बाई म्हणतात तीन किंवा चार.” त्यांनी चष्मा काढला. “मिसेस प्रॉसर, यावर मला कागद नको. गुरुवारचे कोण आहेत?”

चौघं उभे राहिले. फॅरोबाईंनी खुर्ची फिरवली आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. “गा.”

श्रोतेहो, रविवारी देवासमोर गाणं सोपं असतं. तो ऐकतो आणि गप्प बसतो. लवादासमोर चौघांचेही गळे सुकले. इद्रिस आधी सुटला, दुसरा त्याच्या मागून धावला, तिसरा सूर सोडून शब्दच म्हणू लागला आणि चौथ्याला खोकला आला. जुनं, पवित्र स्तोत्र जिन्यावरून गडगडत खाली गेलं.

फॅरोबाई वळल्या. “चार माणसं. अगदी स्पष्ट.”

ओल्वेनचा जीव भांड्यात पडला असं तुम्हाला वाटेल. पण विकरी उठला. तोही कामाला चोख होता. “मॅडम, चार माणसं आहेत हे खरं. पण मी चार दिवस ऐकला तो हा आवाज नाही. मी ऐकलं ते…” त्याला शब्द सापडेना. “ते फार सुंदर होतं. एकाच माणसाचं होतं. हे गुरुवारी तिथे गात असते तर मी पहिल्याच ओळीला चौघं मोजले असते.”

बिचाऱ्याने ओल्वेनची बाजू कापली होती, आणि कापताना तिची अशी स्तुती केली होती, की तशी तिची आयुष्यात कुणी केली नव्हती.

ओल्वेनचं तोंड लाल झालं. घराचं राहिलं बाजूला. “बाई,” ती म्हणाली, “हे गाणं नव्हतं. ही भांडी पडली. या चौघांना मी एकदा परत गायला लावते.”

“मिसेस प्रॉसर, हा लवाद आहे, तालीम नाही.”

“मला ठाऊक आहे, बाई. तालमीत मी एवढ्यावर सोडलं नसतं.”

फॅरोबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

ओल्वेन चौघांसमोर उभी राहिली. तांब्यावर बोटाची टिचकी मारली, तो सूर कानात घेतला, नापसंत केला आणि स्वतःच एक खालचा सूर गुणगुणला. मग हलक्या आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ही खोली विसरा. माझ्याकडे बघा. माझं घर तुमच्या तोंडात आहे, मूर्खांनो. श्वास.”

चौघांच्या छात्या एकदम वर आल्या.

तो सूर कुणी काढला ते कळलं नाही. तो निघालाच होता, खालून, फरशीखालून आल्यासारखा, आणि मग वर चढत गेला. कुठे जोड नव्हता, कुठे टोक नव्हतं. तांब्यातलं पाणी थरथरलं. खालच्या वाचनालयात कुणीतरी पुस्तक मिटलं. दुसऱ्या कडव्याला हँडल रीसने कवळी काढून खिशात टाकली, कारण गाणं त्याच्याही ओठांवर आलं होतं, पण ओल्वेनने डोळ्यांनीच त्याला गप्प बसवलं. शेवटचा सूर चौघांनी एकाच क्षणी खाली ठेवला.

फॅरोबाई खिडकीकडेच बघत होत्या. “एक,” त्या म्हणाल्या. मग वळल्या, चार उघडी तोंडं पाहिली. “मिस्टर विकरी?”

आता बघा, विकरीला काय नसतं म्हणता आलं? ‘आठवत नाही.’ ‘खात्री नाही.’ ‘ते वेगळं गाणं होतं.’ यातल्या कुठल्याही एका वाक्याने त्याची फाइल वाचली असती आणि त्याच्या वरिष्ठाची लाजही राखली गेली असती. तो उभा राहिला. त्याने आपलं टिपण पाहिलं, चौघांना पाहिलं आणि म्हणाला, “हाच तो, मॅडम. गुरुवारचा पुरुष हाच. मी चुकलो.”

“आणि सर्दी?”

“सर्दी मला झाली होती, मॅडम. गाडीच्या काचा उघड्या ठेवल्या होत्या.”

फॅरोबाईंनी रीतीप्रमाणे तेरांना एकेक करून विचारलं, “आपण मिसेस प्रॉसर यांच्यासोबत राहता का?” बारा जणांनी “नाही” सांगितलं. इद्रिस बेव्हनने टोपी हातात फिरवली.

“नाही, बाई. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाली, आधी खालचा सूर नीट लाव.”

“इद्रिस!” ओल्वेन म्हणाली.

“शपथेवर विचारलंय गं त्यांनी. मी खोटं कसं बोलू?”

“इतका भक्कम पुरावा,” फॅरोबाई म्हणाल्या, “मी फार दिवसांत ऐकला नव्हता.” आणि त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला. कौन्सिलचा निर्णय रद्द. प्रॉसरबाई एकट्या राहतात. मदत बंद झाली त्या दिवसापासून पुन्हा सुरू.

ओल्वेन खाली बसली. हसावं की रडावं ते न कळून तिने इद्रिसच्या कोटाचं एक बटण धरलं आणि धरूनच ठेवलं. तेरा म्हातारे एकमेकांच्या पाठी थोपटत जिना उतरले, आणि खालच्या पायरीपासून त्यांनी पुन्हा गाणं सुरू केलं. वाचनालयाच्या बाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

वरच्या खोलीत विकरी एकटा उरला. त्याने फाइलमध्ये, आपल्याच टिपणाखाली, आपल्याच हाताने लिहिलं: ‘वरील निरीक्षण चुकीचे.’ खाली सही केली. ऑफिसात परत गेल्यावर त्याचं काय झालं ते गावात कुणी विचारलं नाही. जिंकलेल्यांच्या मिरवणुकीत मागे राहिलेल्या माणसाकडे बघायला कुणाला सवड असते?

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागणं. आज घरी जाल, देवापुढे दिवा लावाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी एक नाव जास्तीचं घ्या. रसेल विकरी. आपल्याच कागदाविरुद्ध खरं बोलला तो. त्याच्यासाठी कुणी गाणं म्हटलं नाही. तुम्ही त्याची आठवण ठेवा.